शपथेचा पहिला शब्द

सोमवारपासून माझ्या तोंडून 'मी' निघालं, की समोरचा मंत्री होतो. शपथविधीत राज्यपालाने एवढाच शब्द म्हणायचा असतो. पुढचं सगळं समोरच्याने. पदाच्या सगळ्या कामांत मला हेच काम आवडतं, त्यामुळे तक्रार नाही. लिहिताना काही होत नाही, हेही बरंच.

सुरुवात खानसाम्यापासून झाली. आज चहा बिनसाखरेचा घेईन, असं सांगायचं मनात आलं, तोच माझ्या हातात पुष्पगुच्छ आला. "मी..." म्हणालो आणि गेनभाऊ ताठ उभे राहिले.

"गेनू बाबाजी शेलार, ईश्वरसाक्ष शपथ घेतो की..."

एकदाही न अडखळता त्यांनी शपथ पूर्ण केली. बँड वाजला. गुच्छ घेऊन ते गाडीत बसले आणि पाटबंधारे खात्यात गेले. चहा तसाच उकळत राहिला.

मग न्हावी गेला, डॉक्टर गेले, माळी गेला. हिरवळीवरच्या मोराला वनखातं मिळालं, आणि खरं सांगतो, इतका शोभून दिसणारा वनमंत्री या राज्याने पाहिला नव्हता. गेलेला कुणी परत येत नाही. मंत्र्याला सवड कुठे!

आता बँड सोडला तर राजभवनात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको इंदुमती. दरबार हॉल रोज लांब होतोय. परवा त्याने जेवणघर गिळलं, काल जिना, आज तो आमच्या खोलीच्या दाराशी आलाय.

"माझ्यासमोर तो शब्द काढलात तर बघा," इंदू म्हणाली. "मंत्रीबिंत्री व्हायचं नाही मला. पत्ते कुणाशी खेळाल मग?"

तिच्याशिवाय मला खरंच करमणार नाही.

हॉलच्या खुर्च्या दार ठोठावतात, म्हणून ती आतून कडी लावते. ओळखीचा आवाज आल्याशिवाय उघडू नकोस, हे मीच तिला बजावलंय.

संध्याकाळी स्वतः चहा केला, दोन कप ट्रेमध्ये घेतले आणि दार वाजवलं.

"कोण?"

खोकलो. खुर्च्याही खोकतात.

"आल्याचा वास येतोय. अहो, तुम्हीच ना? बोला की! कोण आहे?"

नाव सांगावं म्हटलं, तर जिभेवर एकच शब्द तयार. मागे बँडवाल्यांनी वाद्यं उचलली. ट्रे हलका वाटला म्हणून खाली पाहिलं. कपांच्या जागी निशिगंधाचा गुच्छ होता, तिच्या आवडीचा.