खिर्बेत लोझाची विहीर

मी विहीर बोलतेय. आवाज दबका येत असेल तर समजून घ्या. माझं पोट दगडमातीनं भरलंय आणि तोंडावर काँक्रीट ओतलंय. तरी बोलते, कारण आता माझ्याशी बोलायला कुणी येत नाही.

हेब्रोन या पॅलेस्टिनी शहराच्या दक्षिणेला उघडेबोडके डोंगर आहेत. त्यातल्या एका उतारावर खिर्बेत लोझा ही वस्ती. मोजकी घरं, काही गुहा, मेंढ्यांचे वाडे. विहीर म्हटलं की लोकांना झरा आठवतो. माझ्या पोटात झरा नाही. हे डोंगर कोरडे. पाणी मिळतं ते आभाळातून, तेही हिवाळ्यातच. म्हणून माझी मालकीण वस्फिया हिच्या आजेसासऱ्यानं छिन्नी-हातोडा घेऊन खडक कोरला. तोंड बादली जाईल एवढं, पोट मात्र मोठ्या रांजणासारखं. उतारावर त्यानं पन्हळी खोदल्या आणि पावसाला माझ्याकडे वळवलं. पहिलं गढूळ पाणी वाहून जाऊ द्यायचं, मग पन्हळीच्या तोंडातला दगड काढून मला भरू द्यायचं, ही शिस्त त्यानंच घालून दिली.

वस्फिया सून म्हणून आली तेव्हा पोरसवदा होती. पहिल्याच दिवशी दोरानं तिचे हात सोलवटले आणि ती माझ्यावर चिडली. सासू म्हणाली, "विहिरीशी भांडू नकोस गं, तिला ऐकू येतं." सासूनं थट्टाच केली होती, पण वस्फियानं ती मनावर घेतली. त्यानंतर ती माझ्याशी सगळंच बोलू लागली. कुठली मेंढी दूध चोरते, नवरा का रुसलाय, पोटात कितवा महिना लागलाय. नवरा गेला तेव्हाही ती घरात रडली नाही. माझ्या काठावर बसून, तोंड आत घालून रडली.

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. बादली सोडण्याआधी प्रत्येकजण पाण्यात आपलं तोंड बघतो. बाया मोकळेपणानं बघतात. पुरुष आधी इकडेतिकडे पाहून घेतात.

सदुसष्टच्या लढाईनंतर जिंकणाऱ्या देशाचे सैनिक आले आणि राहिले. पुढे त्यांनी सांगितलं की आमचे डोंगर आता गोळीबाराच्या सरावासाठी आहेत, इथं राहायचं नाही. समोरच्या टेकडीवर मात्र एक वसाहत उभी राहिली. त्यांच्या देशाची माणसं, लाल कौलांची घरं, हिरवळ. त्यांच्यासाठी पाण्याचा नळ घातला, तो वस्फियाच्या शेतातून, जमिनीखालून. आम्हाला त्यातलं थेंबभरही नाही. एका जोडावर तो किंचित पाझरायचा. वस्फियाच्या लेकाच्या, नुअमानच्या मेंढ्या तिथल्या ओल्या मातीला नाक लावून उभ्या राहायच्या, हाकलल्या तरी हलायच्या नाहीत.

मग माझ्या पोटाला चीर गेली. पाणी ठरेना. नुअमान आत उतरला, चुना-सिमेंट कालवून त्यानं मला आतून लिंपलं. त्याची बायको समाहिर वरून घमेली सोडत होती आणि वस्फिया काठावर बसून सूचना देत होती.

"डाव्या बाजूला पातळ लावलंयस."

"आई, तुला वरून काय दिसतंय?"

"दिसत नाही. पण तू लहानपणापासून डावीकडे कामचुकार आहेस."

ते लिंपण वाळतंय न वाळतंय तोच लष्कराची जीप आली. झाकणावर एक कागद ठेवून, उडू नये म्हणून वर दगड ठेवून गेली. परवान्याशिवाय नवं बांधकाम, पाडून टाकण्यात येईल, असं त्यात लिहिलं होतं. समाहिरनं वाचून दाखवलं.

"नवं?" वस्फिया म्हणाली. "अगं, हिच्यापुढे मी नवी."

वकील म्हणून इतिदाल आली ती तेव्हा. बेत जाला गावची, उंच, सडपातळ बाई. चढणीनं धापा टाकत येऊन माझ्याच काठावर बसली. वस्फियानं आधी तिला माझं पाणी दिलं, मग साखर जास्त घातलेला चहा. इतिदालनं समजावून सांगितलं. लढाई करून दुसऱ्याची जमीन ताब्यात घेतली, तरी ती आपली होत नाही. तिथल्या माणसांना सांभाळायचं असतं. त्यांची घरं, विहिरी पाडायच्या नसतात. आपली माणसं आणून तिथं वसवायची नसतात. हे सगळ्या देशांनी मिळून लिहिलंय आणि त्यावर सह्या केल्यात.

"यांनीसुद्धा?" वस्फियानं समोरच्या टेकडीकडे हनुवटी केली.

"यांनीसुद्धा."

"मग हा कायदा राहतो कुठं?"

इतिदाल हसली. "मोठं न्यायालय हेगला आहे, मावशी. समुद्रापलीकडे, उत्तरेला."

"तिथं पाऊस पडतो का?"

"फार. वर्षभर पडतो."

"म्हणूनच," वस्फिया म्हणाली. "त्यांना विहीर म्हणजे काय ते कसं कळणार?"

लष्करी कोर्टात काय झालं, ते मला वस्फियानंच सांगितलं. लष्कराच्या वकिलानं विमानातून काढलेले जुने फोटो दाखवले. यात विहीर कुठं दिसते, असं विचारलं. वस्फियाला बोलायची परवानगी मिळाली तेव्हा ती म्हणाली, "आम्ही झाकण ठेवतो साहेब. उघडी ठेवली असती तर तुम्हाला वरून दिसली असती, पण आमची लेकरं आत पडली असती." दुभाष्यानं त्यांच्या भाषेत सांगितलं. कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसला नाही, पण त्यानं लिहूनही घेतलं नाही. घरी आल्यावर वस्फियाला त्या हसण्यापेक्षा हेच जास्त लागलं होतं.

विहीर पाडू नका, हा आमचा अर्ज फेटाळला गेला. इतिदालनं वर दाद मागितली. दिवस जात राहिले, मेंढ्या व्यायल्या, समाहिरला मुलगी झाली. आम्ही सगळ्या जणी वाट पाहायला शिकलो.

उन्हाळ्यात एका दुपारी इतिदालचा फोन आला. वस्फिया पाणी ओढत होती, म्हणून समाहिरनं आवाज मोठा करून फोन माझ्या काठावर ठेवला.  जगातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयानं सांगितलं होतं की हा कब्जाच बेकायदेशीर आहे आणि तो लवकरात लवकर संपला पाहिजे. वसाहती उठवल्या पाहिजेत. पॅलेस्टिनी लोकांना आपलं भविष्य ठरवण्याचा हक्क आहे.

नुअमान धावत आला. शेजारी जमले. कुणी म्हणालं, पुन्हा सांग. इतिदालनं पुन्हा सांगितलं. समाहिर चक्क माझ्या झाकणावर चढून नाचली, तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन.

वस्फियानं फोन हातात घेतला. "पोरी, मग विहीर पाडायला येणार नाहीत ना?"



"येतील, मावशी."

"न्यायालयानं सांगूनसुद्धा?"

"त्यांनी फक्त मत दिलंय, हुकूम नाही. अमलात आणायला देशांनी हात पुढे करायला हवेत. मी इथलं कोर्ट सोडलेलं नाही."

वस्फियानं फोन समाहिरकडे दिला आणि राहिलेली बादली ओढून घेतली. लोक हळूहळू पांगले.

ते आले द्राक्षं पिकायच्या दिवसांत, सकाळी. पुढे जीपा, मागे पिवळा बुलडोझर आणि काँक्रीटची गाडी. वस्फिया माझ्या तोंडावर बसून राहिली. एका तरुण सैनिकानं मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, "आजी, उठ."

"तुझ्या आजीला तिच्या दारातून उठवलंस कधी?"

त्याची मान खाली गेली. मग दुसऱ्या दोघांनी तिला बखोटीला धरून बाजूला नेलं. नुअमानला जमिनीवर पालथं पाडून हात बांधले होते. तो ओरडत होता, "आत पाणी आहे. निदान पाणी तरी काढून घेऊ द्या." कुणी ऐकलं नाही.

आधी दगड आले. मग माती. माझ्यात अर्धं पोट पाणी होतं, ते उसळून वर आलं आणि चिखल होऊन उतारावर पसरलं. शेवटी ते काँक्रीट. उजेड कसा जातो ते मला तेव्हा कळलं. कडेकडेनं जातो आणि मध्ये थोडा रेंगाळतो.

त्यानंतर नुअमान टँकरचं पाणी विकत आणू लागला. सैनिक रस्त्यावर मातीचे ढीग घालायचे, की टँकर लांबच्या वळणानं यायचा. मेंढ्या विकाव्या लागल्या. शेजारची दोन घरं गावात राहायला गेली. वस्फियाची लग्न झालेली मुलगी तिला न्यायला आली होती, पण वस्फिया गेली नाही. रोज माझ्या काँक्रीटवर येऊन बसायची. बोलायची मात्र नाही. काय बोलणार? मलाही काही सुचत नव्हतं.

थंडीत तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. तिला अंघोळ घालायला बाया जमल्या. समाहिरनं टँकरमधून भरलेले प्लॅस्टिकचे कॅन आणून ठेवले आणि पाणी जपून, तांब्या-तांब्यानं ओतायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "ओत की मोकळ्या हातानं. आता तरी हिला तहानेली ठेवू नकोस." समाहिरनं तांब्या बाजूला ठेवला आणि अख्खा कॅन उचलला. सून म्हणून आल्यापासून वस्फियानं माझंच पाणी प्यायलं, त्यानंच लेकरं न्हाऊ घातली, नवऱ्यालाही शेवटचं त्यानंच धुतलं. तिच्या वेळी मी तिच्या दाराशी असून तिला विकतचं पाणी लागलं.

मातीला इतिदाल आली होती. सगळे गेल्यावर ती माझ्यापाशी थांबली. नुअमान तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"आपण हरलो ना, ताई?"

"विहीर पाडू नका, हा अर्ज वरच्या कोर्टातही हरलो. ती परत बांधू द्या, असा दुसरा घालतेय."

"त्यानं विहीर मिळेल?"

"खोटं कशाला सांगू? माहीत नाही." तिनं डोळे पुसले. "अर्जदार म्हणून मावशीचं नाव होतं. आता वारस म्हणून तुझं लावते."

नुअमाननं घराकडे पाहिलं. मग म्हणाला, "समाहिरचं लाव. पाणी तीच भरते."

इतिदालनं मान हलवली आणि उतार उतरून गेली.

तो अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर आहे, असं ऐकते. माझ्याकडून तुम्हाला एवढंच सांगणं. ज्या देशांनी त्या कायद्यावर सह्या केल्या, त्यात तुमचाही असेल. कधी कुणाला विचारता आलं, तर विचारा, त्या सहीचं काय झालं? माझ्या तोंडावर काँक्रीट ओतायला त्यांना एक सकाळ पुरली होती. ते फोडायलाही एक सकाळ पुरेल. समाहिरकडे पहार आहे, नुअमानकडे घण आहे. कुणीतरी त्यांना फोडू द्यायला हवं.