पाचवा फेरा

सायक्लोक्रॉस म्हणजे काय, हे वहिनी दुकानात येणाऱ्या बायकांना एका वाक्यात सांगायची. "जिथे सायकल चालवता येत नाही अशी जागा शोधायची आणि नेमकी तिथे शर्यत लावायची." चिखल, गवताचा चढ, झाडांची मुळं, वाटेत मुद्दाम आडव्या ठोकलेल्या फळ्या. फळी आली की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं, पुन्हा बसायचं. ऐकणारी बाई मान डोलवायची आणि पँटची चेन कधी बसवून मिळेल ते विचारायची.

वहिनी बावन्न वर्षांची. धंदा कपडे दुरुस्तीचा. लांबचं आखूड करायचं, घट्टचं सैल. स्वतःच्या कपड्यांच्या बाबतीत अलीकडे फक्त दुसरंच. या भानगडीत ती पडली ते नणंदेचा कोट धरायला गेली म्हणून. नणंद तिच्याहून सात वर्षांनी धाकटी, दातांची डॉक्टर, आणि बायकांच्या गटात कायम पहिली नाहीतर दुसरी. एकदा गटात पाच जणी भरेनात आणि चौघींसाठी शर्यत लावत नाहीत. आठ डोळे कोट धरून उभ्या असलेल्या बाईकडे वळले. नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून त्या दिवसापासून अख्खं मैदान तिला वहिनी म्हणू लागलं.

फेरे पाच. पण नियम असा, की सगळ्यांत पुढच्या बाईने एक अख्खा फेरा जास्त मारून तुम्हाला मागून गाठलं, की तिची शर्यत संपेल तिथे तुमचीही संपते. वहिनी दर वेळी गाठली जायची. दोन हंगाम, अकरा शर्यती, आणि निकालाच्या कागदावर तिच्यापुढे अकरा वेळा 'एक फेरा कमी'. घरी नवरा विचारायचा, "आज पुरी केलीस, की आखूड करून आणलीस?"

खरं सांगायचं तर मागच्या पुष्कळांना गाठलं जाण्यात सुख असतं. ते वळून वळून बघतात, ये बाई, गाठ एकदाची आणि सोडव. वहिनीनेही पहिला हंगाम असाच काढला. पण शेवटच्या फेऱ्याला निघणाऱ्यासाठी रेषेवरचा माणूस घंटा वाजवतो, आणि ती आपल्यासाठी कधीच वाजलेली नाही, हे यंदा तिला दातात अडकलेल्या कणासारखं टोचू लागलं. आज या हंगामातली शेवटची शर्यत होती. उन्हाळाभर ती जिना दोनदा चढून उतरली होती, म्हणजे रोज दोनदा. तिच्या मते हा सराव होता.

घात केला तो मायेने. चिखलात पकड मिळावी म्हणून चाकात हवा कमी ठेवतात, आणि किती कमी याबद्दल मैदानावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. आधी पोस्टमनबाई आल्या. त्या वहिनीच्या गटातल्याच, नणंदेच्या कट्टर प्रतिस्पर्धी. अंगठ्याने टायर दाबून म्हणाल्या, "वहिनी, दगड आहे हा. थोडी सोडा." फुस्स. मग बेकरीवाला आला. "अजून जरा." फुस्स. मग गणिताचे मास्तर. त्यांनी वजन विचारलं, वहिनीने पाच किलो कमी सांगितलं, त्यांनी मनात हिशोब करून तेवढी हवा सोडली. नकार देणं तिच्या जिवावर यायचं. शेवटी नणंदेने बघितलं तेव्हा टायर गादीसारखं झालं होतं.

"वहिनी, यात हवा आहे की नुसती आशा?"

तेवढ्यात शिट्टी झाली.

आणि गंमत म्हणजे सायकल चिखलात घोरपडीसारखी चिकटली. पहिले तीन फेरे वहिनी सरळ उभी होती, म्हणजे पडली फक्त दोनदा. कडेचे लोक डबे बडवून ओरडत होते, "वहिनी, मागे बघू नका, कुणी नाही!" तेही खरंच होतं. चौथा फेरा अर्धा झाला तरी नणंदेचा पत्ता नव्हता. वहिनीला घंटा आठवली. आज वाजणार.

मग एका मुळावर ठक्क आवाज झाला आणि मागचं चाक बसलं.

बदली चाक ठेवायला मैदानात एक जागा असते. तिथे वहिनीचं चाक नव्हतं, कारण पंक्चर व्हावं इतक्या वेगाने आपण जाऊ असं तिला कधी वाटलंच नव्हतं. पण या खेळात एक बरं आहे, सायकल घेऊन पळालं तरी चालतं. वहिनीने ती खांद्यावर घेतली आणि निघाली. याला पळणं म्हणावं की नाही यावर दोन मतं होऊ शकतात.

रेषेच्या आधी दोन रांगांतल्या झाडांमधून एक बोळ जाते, एकच माणूस मावेल एवढी, जेमतेम पन्नास पावलांची. वहिनी तिच्यात शिरली आणि मागून आवाज आला.

"वहिनी, बाजूला!"

नणंद. आणि तिच्या चाकाला चाक लावून पोस्टमनबाई, दोघी पाचवा फेरा संपवत. वहिनीला रीत ठाऊक होती. मागून पुढची बाई आली की झाडाला चिकटायचं आणि तिला वाट द्यायची. डावीकडे एक पाऊल, बस. पण समोर रेषा दिसत होती, आणि रेषेवरच्या माणसाच्या हातात घंटा.

"वहिनी! अगं, बाजू दे!"

वहिनीला काहीही ऐकू आलं नाही. म्हणजे तिने तसं ठरवलं. सायकल खांद्यावर आडवी, दोन्ही कडांना झाडं. मांजर जाईल एवढीही फट नव्हती. बोळ संपताच नणंद आतल्या बाजूने पुढे निघायला गेली आणि वहिनीच्या लटकत्या चाकापाशी अडली. पोस्टमनबाई बाहेरून निघाल्या. पण त्या दोघींच्या आधी, दीड हाताने, वहिनीने रेषा ओलांडली.

घंटा वाजली. लोकांनी डबे बडवले. पोस्टमनबाई पहिल्या, नणंद दुसरी. आणि वहिनीपुढे अख्खा एक फेरा, बसक्या चाकाचा, पायी.

पहिल्या चढावर तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दुसऱ्या चढावर लाज वाटू लागली. तिसऱ्यावर, वाटेच्या कडेला बांधलेल्या फितीच्या पलीकडून, नणंद चालत आली, तोंडभर चिखल, हातात पाण्याची बाटली.

"मी सोडते शर्यत," वहिनी धापा टाकत म्हणाली. "तुझा पहिला नंबर मी खाल्ला. मला ऐकू आलं होतं."

"माहीत आहे. तुला शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू येते."

"मग मी थांबतेच."

"खबरदार! माझा नंबर खाऊन वर फेरा अर्धवट टाकतेस? चल. पाय उचल."

"जरा सायकल धर ना."

"हात लावला तर तू बाद होशील. नियम पाळ, आता उरलेले तरी."

मग नणंद फितीच्या पलीकडून चालत राहिली आणि सबंध फेराभर बोलत राहिली. दात आवळून पळू नकोस. आजपासून तुझ्या भाजीला मी नावं ठेवणार. भावाला सगळं सांगणार, रंगवून. मधेच तिचा आवाज उतरला. "पहिली आले असते," नणंद पुढे बघत म्हणाली. "सोपा होता आज."

"हो," वहिनी म्हणाली.

रेषेवर पुरुषांचा गट थंडीत पाय आपटत खोळंबला होता. बेकरीवाला ओरडला, "वहिनी, आमची शर्यत उद्या लावू का?" रेषा दहा पावलांवर आली तशी नणंद थांबली, म्हणाली, "जा. आता कुणी मागे नाही."

वहिनीने सायकल खांद्यावरून उतरवली, चिखलात टेकवली आणि उरलेलं अंतर तिला हाताने ढकलत गेली. वेळ लिहिणाऱ्या बाईंनी मान वर करून विचारलं, "किती फेरे लिहू?"

"पाच," नणंद मागून ओरडली, वहिनीच्या आधी.