दोन विटांची भिंत

शेजारच्या खातूनच्या स्वयंपाकघरातून माझ्या अंगणात उघडणारं ते ठेंगणं दार मीच बुजवून घेतलं. गवंड्याला म्हणाले, "एका विटेची नको, दोन विटांची भिंत घाल. तिचा आवाजसुद्धा इकडे यायला नको."

कारण ऐकाल तर हसाल. बगदादच्या आमच्या ज्यू मोहल्ल्यात घरं पाठीला पाठ लावून उभी, पुढची दारं मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांत. आतलं कुठलं दार कुठे निघतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. शब्बाथला, शनिवारच्या पवित्र दिवशी, एका घरातली वस्तू दुसऱ्या घरात न्यायला मनाई. म्हणून वल्हांडणाच्या सणाआधी आम्ही दोघी मूठमूठ पीठ एकत्र करून एक रोटी भाजायचो आणि खातूनच्या खुंटीला वर्षभर टांगून ठेवायचो. रोटी एक, म्हणजे अंगण एक, घर एक. मग शनिवारी तबीतची, रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या कोंबडी-भाताची, पातेली खुशाल इकडून तिकडे जायची.

एका शनिवारी तिने पाच बायकांसमोर माझ्या तबीतवरचं झाकण उचललं. "तुफाहा, कोंबडीत भात भरलास की खळ? दात पडलेल्या सासूसाठी केलास वाटतं!"

बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वल्हांडणाला मी पीठ दिलं नाही, गवंडी आणला. चौदा महिने तिच्याशी शब्द बोलले नाही.

मग पुढच्या वल्हांडणानंतर सात आठवड्यांनी, शावुओत सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यूंच्या जिवावर उठलेले दंगेखोर मोहल्ल्यात घुसले. माझा नवरा प्रार्थनेला गेलेला, संध्याकाळपर्यंत तिकडेच अडकला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आमचा मुसलमान शेजारी अबू हमीद सोटा घेऊन बसला होता. "आत माझी बहीण आहे, आधी मला कापा," असं तो त्यांना ओरडून सांगत होता. खातूनच्या गल्लीत असं कुणी नव्हतं. तिचा नवरा बसऱ्याला होता.

तिचं पुढचं दार पडलं, ते मला दोन विटांतूनही ऐकू आलं. मग भिंतच धडधडायला लागली.

"तुफाहा! जिन्यावर ते लोक आहेत. मी स्वयंपाकघरात कोंडून घेतलंय. मुलींना घे गं!"

मी कुब्ब्याच्या गोळ्यांसाठी मांस कुटायचा पितळी बत्ता उचलला आणि घाव घालत सुटले. गिलावा पडला, वीट हलेना. मीच पक्की करून घेतलेली! बोटांनी चुना उकरताना माझी दोन नखं उपटली.

"जोर लाव की! हाताला मेंदी लावून बसलीयस का?" ती पलीकडून ओरडली.

ताटाएवढं भोक पडलं. आधी धाकटी फहिमा आली. तिचा खांदा अडकला, मी ओढला, कातडं सोलून निघालं. मग नऊ वर्षांची सुआद. तिकडे स्वयंपाकघराच्या दारावर कुऱ्हाड पडत होती.

"आता तू ये!"

"माझा देह मावतोय का त्यात?" खातून म्हणाली. "भोक दिसलं तर तुम्हालाही सोडणार नाहीत." आणि ती भिंतीला पाठ लावून बसली. भोक पूर्ण झाकलं गेलं.

दार फुटलं. "पोरी कुठायत?" कुणीतरी विचारलं. माझा तळवा तिच्या पाठीवर होता. प्रत्येक घावाला ती पाठ हिसका देत होती, पण जागची सरकली नाही. एक सुरा तिच्यातून आरपार येऊन माझ्या तळव्यात घुसला. विटांवरून तिचं रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं. दुसऱ्या हाताने मी फहिमाचं तोंड दाबलं होतं. सुआद माझ्या पदराला धरून होती, तिने तो सुरा आणि रक्त पाहिलं. माझी जीभ आयुष्यात कधी थांबली नाही, तेव्हा मात्र मी हूं की चूं केलं नाही.

त्यांनी तांब्याची भांडी नेली आणि ते गेले. आम्ही संध्याकाळपर्यंत तिला तिथून हलवलं नाही.

त्यांचा बाप कामासाठी बसऱ्यालाच असतो, म्हणून मुली आता माझ्याकडेच असतात. त्या भोकाचं मी पुन्हा दार करून घेतलं. परवाच्या शनिवारी मी तबीत वाढला. सुआदने एक घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि अगदी खातूनसारखं नाक मुरडलं.

"आईचा भात मोकळा व्हायचा."

"हो गं," मी म्हणाले. "तिचाच चांगला व्हायचा."