भोंगा

"कारण काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिहूनही टाकलं, 'किंचाळून गाण्याची सवय.'

ताईने तो कागद टेबलापलीकडून उलटाच वाचला. तिच्या स्वरतंतूंवर दोन गाठी होत्या. ऑपरेशन ठरलं होतं आणि आवाज परत येईल याची खात्री कुणी देत नव्हतं. तेवढं सगळं तिने मुकाट ऐकून घेतलं होतं. ही ओळ वाचली मात्र, तिचा चेहरा स्टेजवर होतो तसा झाला.

"खोडा ते," ती फाटक्या आवाजात म्हणाली.

"बाई, बावीस वर्षं हे हेवी मेटल रॉक गाताय ना? घसा म्हणजे काही लोखंड नाही."

खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात मान डोलावली. आमची आई जाईपर्यंत हेच म्हणत होती, बोंबल हवं तेवढं, एक दिवस घसा रुसेल. ताईला बँडवाले करवत म्हणतात. सुरुवात एका गॅरेजमध्ये झाली, दीड दीड मिनिटाची पंक गाणी. मग कुणाची लग्नं झाली, कुणी नोकरीला लागलं, नवे वाजवणारे आले, संगीत जड होत गेलं, पण माइकपाशी तीच राहिली. आठवडाभर आम्ही दोघी बाटल्या धुण्याच्या कारखान्यात, ती तपासणीला, मी पॅकिंगला. रविवारी दुपारी ती स्टेजवर. नातेवाइकांनी तिला गायिका कधी म्हटलं नाही. 'तिचं ते चालू असतं काहीतरी,' एवढंच.

"नळी परत घाला," ताई म्हणाली. "आवाज गेला तर गेला, पण खापर गाण्यावर फोडू देणार नाही मी."

डॉक्टर वैतागले, पण त्यांनी नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी पुन्हा घशात उतरवली. पडद्यावर दोन पांढरे तंतू दिसले, गाठींसकट. ताईने स्टेजवरचा तो खर्जातला घरघराट काढला. माझ्या अंगावर काटा आला. आणि तो आवाज मोठा नव्हताच. शेजारच्या खोलीतही गेला नसता. वर्षानुवर्षं उशीत तोंड खुपसून तिने तो कमावला होता. मोठा करायचं काम माइकचं. पडद्यावर वरच्या मांसल घड्या थरथरत होत्या, खालचे तंतू एकमेकांना हलकेच टेकत होते.

"आता कामावरचा," ती म्हणाली आणि ओरडली, "थांबव!"

तंतू एकमेकांवर आपटले, गाठीवर गाठ. बाहेरची नर्स दारातून डोकावून गेली.

"हे काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे दिवसाला सत्तर-ऐंशी वेळा. नऊ वर्षं."

तडकलेली बाटली दिसली की पट्टा थांबवायचा, हे ताईचं काम. थांबवणारा माणूस चाळीस पावलांवर, यंत्रांच्या खडखडाटात. त्याला कळावं म्हणून तिच्या हाताशी बटण होतं आणि छताला भोंगा. नऊ वर्षांपूर्वी तो भोंगा बिघडला तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, "भोंगा कशाला हवा? आपल्याकडे करवत आहे की." आम्ही सगळ्या हसलो होतो. मीसुद्धा. ते हसू मला त्या खोलीत आठवलं आणि स्वतःचीच चीड आली.

डॉक्टरांनी ओळ खोडली. वर लिहिलं, 'कामाच्या जागी सतत ओरडावे लागणे.' मग म्हणाले, "आजपासून ऑपरेशनपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. "बरं झालं, रविवारचा धिंगाणा तरी थांबेल. पण पट्ट्याचं काय? एखादी हाक तर मारशील?"

ताई आपल्या जागी जाऊन उभी राहिली. पहिली तडकलेली बाटली आली. ती सावकाश चाळीस पावलं चालत गेली, पट्टा थांबवायचं लाल बटण स्वतः दाबलं, परत आली, तोवर पुढे सरकलेली बाटली काढली, हात वर करून पट्टा सुरू करायला सांगितलं. पहिल्या तासात नऊ वेळा. माझ्याकडे बाटल्या येईनाशा झाल्या.

"मुद्दाम करतेस हे," सुपरवायझर तिच्यावर खेकसला.

"मग कसं करायचं ते तुम्ही दाखवा," पॅकिंगवरून मी ओरडले. "या, उभे राहा तिच्या जागी. ओरडा दिवसभर. नऊ वर्षं ओरडा, आणि मग आम्ही हसतो."

कुणी हसलं नाही. तो पाय आपटत ऑफिसात गेला.

जेवणाच्या सुट्टीआधी मेकॅनिक शिडी घेऊन आला. त्याने भोंग्याचं झाकण काढलं, जळकी वायर बदलली. वीस मिनिटं लागली.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"एवढंच. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

ताईने आपल्या हाताशी असलेलं बटण दाबलं. भोंगा असा कोकलला की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. ताईने ठेवले नाहीत. तिचा एक हात बटणावर होता, दुसरा गळ्यावर. पट्टा थांबला. तिने तडकलेली बाटली उचलून डब्यात टाकली आणि पट्टा सुरू व्हायची वाट बघत उभी राहिली.