कलम तीनचं तेल

कलम १. यंत्राची चौकट व कळफलक यांस खरेदीच्या तारखेपासून दोन वर्षे हमी राहील.

दोन वर्षं. झाले होते दहा महिने, आणि कळांवर एक अक्षर शिल्लक नव्हतं. सगळ्या टोप्या कोऱ्या. धुतलेल्या शिंपल्यांसारख्या.

हंसाला त्याचं काही नव्हतं, खरं तर. बोईसरच्या टायपिंग क्लासात तिची बोटं आंधळीच शिकली होती. सर हातांवर फडकं टाकायचे आणि म्हणायचे, आता मार. तिला अक्षरं बघावी लागत नव्हती. तिला खुपत होतं ते वेगळंच. कळ दाबली की अक्षराची दांडी वर जायची, कागदावर आपटायची आणि तिथंच बसायची. जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखी. मागून दुसरी यायची, दोघी अडकायच्या, हंसा बोटानं सोडवायची. बोट काळं, कागद काळा, मिनिट संपलं.

मिनिटाला तीस शब्द हवे होते. मशीन अकरा देत होतं.

रविवारी चाचणी. पालघरच्या शाळेत. पंचायत समितीत टंकलेखकाची एक जागा, अर्ज त्रेसष्ट, आणि बोलावण्याच्या पत्रात खाली ठळक ओळ: उमेदवाराने टंकलेखन यंत्र स्वतः आणावे.

आज मंगळवार.

कलम २. तक्रारीसोबत हे कार्ड व मूळ पावती सादर करावी.

केली. तीनदा केली. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की पहिलं पत्र मिळालं. तिसऱ्याला आलं की कंपनीचे निरीक्षक मंगळवारी पालघरच्या दुकानात येतील, यंत्र तिथं आणावं.

आणावं, म्हणे. चौदा किलोचं धूड. नामदेवनं, म्हणजे हंसाच्या बापानं, ते मासळीच्या पाटीत ठेवलं, वर शिडाचं जुनं कापड बांधलं आणि डोक्यावर घेतलं. त्या दिवशी त्यानं होडी सोडली नाही. भरतीची चांगली वेळ होती, खलाशी कुरकुरले. नामदेव म्हणाला, "आज माझी पोर होडी."

हंसाची आई गोदूबाई दारातून ओरडली, "अवो, चुंबळ तरी घ्या डोक्याला!"

एसटीत कंडक्टर आडवा आला. "मासळी टपावर."

"मासळी नाय," नामदेव म्हणाला. "मशीन हाय."

"काका, मला नाक आहे."

"पाटीचा वास हाय तो," हंसा घाईनं म्हणाली.

"पाटीचा कसला?" नामदेवचं तोंड फुललं. "मशीनचाच हाय. मुशीचं तेल. आम्ही होडीला लावतो नाय? पावसात होडी वर ओढलेली, तेल काढलेलं होतं, बोललो, हिच्या मशीनला पण एक हात देऊ. खारा वारा लोखंड खातो. एक एक दांडी पुसली, हंसे. तू आत्याकडं गेलेली तवा."

कंडक्टर हसला आणि तिकिटं फाडत पुढं गेला.

हंसा हसली नाही. तिनं पिशवीतून कार्ड काढलं. गाडी खड्ड्यातून उडत होती. पाचही कलमं तिला तोंडपाठ होती, तरी तिनं बोट ठेवून वाचलं.

कलम ३. कंपनीने सुचविलेल्या तेलाखेरीज अन्य कोणतेही तेल वापरल्याचे आढळल्यास हमी रद्द समजण्यात येईल.

तिनं कार्ड मिटलं. उघडलं. मिटलं.

मुशी माशाच्या कलेजाचं तेल. लाकडात मुरतं, पाणी अडवतं, होडी दहा वर्षं टिकवतं. आणि वाळलं की चिवट होतं. डिंकासारखं. तीन महिने ती कंपनीला पत्रं लिहीत होती, शिव्या देत होती, आणि तो डिंक घरातला होता. नारळी पुनवेच्या आधीचा. मायेनं पुसलेला.

"बाबा, दुकानात तुम्ही बोलायचं नाही."

"काय म्हून?"

"काहीच नाही. मशीन ठेवायचं, बाहेर थांबायचं. चहा प्या."

"तेलाचं सांगू नको?"

"तेलाचं तर मुळीच नको."

वाटेतले कुठकुठले लोक चढले उतरले. थोड्या वेळानं नामदेव म्हणाला, "तेल चांगलं होतं." खिडकीला म्हणाला.

कमलाकांतशेठचं दुकान बाजारात, शिलाई मशीन, पंखे, कंदील, आणि एका फळीवर टाइपरायटर. शेठ विकताना गोड बोलले होते. आता त्यांना हंसा दिसली की गल्ल्याखाली काहीतरी हरवायचं.

कंपनीचा साहेब मुंबईहून आलेला. बुशशर्ट, खिशाला चार पेनं. त्यानं कळांवरून बोट फिरवलं.

कलम ४. नैसर्गिक झिजेस कंपनी जबाबदार नाही.

"झीज आहे," साहेब म्हणाला. "अतिवापर. दिवसाला किती तास टाइप करता?"

"दोन."

"बाहेरची कामं घेत असणार."

"घरी सराव करते. दहा महिन्यांत अक्षरं जातात का, साहेब? क्लासातलं मशीन सोळा वर्षांचं आहे. पंचवीस मुली रोज बडवतात. एक टोपी पुसलेली नाही."

"ते जुनं मॉडेल." साहेबानं एक कळ दाबली. दांडी वर गेली आणि बसली. त्यानं वाकून पाहिलं. मग नाक जवळ नेलं आणि झटकन मागं आला. "शी! हे काय? कुणी हे घाणेरडं तेल घातलं?"

हंसानं तोंड उघडलं. तिनं गाडीत बसल्या बसल्या तीन खोट्या गोष्टी रचल्या होत्या. त्यातली एक जिभेवर आली होतीच.

"घाणेरडं?" दारातून आवाज आला. नामदेवच्या हातात चहाचा अर्धा ग्लास. "कुणाला बोलता घाणेरडं? असल मुशीचं हाय. मी काढलेलं. आमच्या पाड्यात माझ्या तेलाला नाव ठेवणारा अजून जन्मायचाय."

गल्ल्याखालून शेठ वर आले.

साहेबानं हसून पेन काढलं. चारातलं लाल. "चला. कलम तीन. प्रश्न मिटला."

हंसाला आधी बापाचा राग आला, इतका की त्याच्याकडं बघवेना. मग साहेबाचं लाल पेन कार्डाकडं जाताना दिसलं, आणि तिनं कार्डावर हात ठेवला. पूर्ण पंजा.

"थांबा. बाबा, तेल कशाला लावलं?"

"गंज नको म्हून."

"कशाकशाला?"

"लोखंडाला. या दांड्यांना."

"टोप्यांना?"

नामदेवला तो प्रश्नच खुळचट वाटला. "टोपी प्लॅस्टिकची हाय. प्लॅस्टिकला कोण तेल लावतो? मी काय येडा हाय?"

"ऐकलंत ना," हंसा साहेबाला म्हणाली. "तेल दांड्यांना. टोप्यांना थेंब नाही. वास घ्या हवा तर. अक्षरं टोप्यांवरची गेली, ती तेलानं गेली नाहीत. माझ्या बोटांनी गेली म्हणाल, तर त्या फळीवरचं मशीन बघा. तेच मॉडेल आहे. विकलेलंही नाही."

कुणी काही म्हणायच्या आत तिनं फळीवरच्या मशीनच्या एका टोपीवर अंगठा घासला. पाच वेळा. सहा वेळा. अंगठा अक्षराच्या रंगानं पांढरा झाला.

ती अंगठा साहेबापुढं धरून उभी राहिली.

"अहो, विकायचंय ते!" शेठ कळवळले. आणि मग, का कोण जाणे, साहेबाकडं वळून म्हणाले, "वाडा गावच्या वकिलाचीही हीच तक्रार आहे, साहेब. तुम्हाला कळवलं होतं मी."

साहेबानं लाल पेन खिशाला लावलं. निळं काढलं.

कलम ५. दुरुस्ती की बदल, याचा निर्णय कंपनीचा राहील.

निर्णय असा. टोप्यांचा नवा संच, विनामूल्य, टपालानं, तीन आठवड्यांत. दांड्यांचं काम हमीबाहेर. दांड्या सोडवायच्या तर मशीन मुंबईला पाठवा, महिना लागेल.

म्हणजे जे तिला नको होतं ते मंजूर, आणि जे हवं होतं ते नामंजूर. सहीसकट.

परतीच्या गाडीत पाटी पायांत. बोईसर आलं, कामगारांचा लोंढा चढला, कुणीतरी म्हणालं, "मछली किधर है भाई?" आणि नामदेवनं नुसतं शिडाचं कापड घट्ट ओढलं.

उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "जुनं तेल काढल्याबिगर होडीला नवं लावत नाय. काढायला येतं मला."

बुधवार. घासलेट, जुन्या लुगड्याची चिंधी, आणि जाळं विणायची बांबूची सुई. सुईच्या टोकाला चिंधी गुंडाळायची, बुडवायची, दांडीच्या सांध्यात घालायची. एक दांडी. ओसरीवर उन्हात बसून तो काढत होता आणि हंसा कळ दाबून बघत होती.

"ही?"

"चिकटते."

"आता?"

"थोडी."

"आता?"

खट. वर गेली, खाली आली.

गुरुवार. होडी गेली, तो गेला नाही. शुक्रवारी गोदूबाई म्हणाली, घासलेट संपलं, चूल तुमच्या दांड्यांवर पेटवू का? शनिवारी पंचेचाळीस दांड्या मोकळ्या. सेहेचाळिसावी हट्टी. बाप म्हणाला, राहू दे, मोडेल.

रविवार. शाळेचा हॉल, चाळीस मशीनं, पंखा एक. पर्यवेक्षक तिच्या बाकाशी थांबला, कोऱ्या टोप्यांकडं बघत. "यावर कशी करणार?"

"बोटांनी," हंसा म्हणाली.

घंटा. सेहेचाळिसावी दांडी आली की ती अर्धा श्वास थांबायची, दांडीला उतरू द्यायची, मग पुढं. उताऱ्यात ते अक्षर किती वेळा आलं ते तिला आजही आठवतं. एकोणीस. मिनिटाला शब्द झाले एकतीस.

टोप्या तीन आठवड्यांत आल्या नाहीत. सहा लागले. तोवर नेमणुकीचं पत्र आलं होतं, आणि डबा पोचला तो नेमका हंसा कामावर रुजू झाली त्या दिवशी. ती संध्याकाळी परतली तेव्हा नामदेव ओसरीवर आंघोळ करून बसला होता. मशीनवर शिडाचं कापड.

"उचल."

सेहेचाळीस टोप्या, चकचकीत, प्रत्येक घट्ट दाबून बसवलेली. आणि एकही जागेवर नाही. नामदेवला अक्षर येत नव्हतं. त्यानं जाळ्यातली मासळी निवडतात तशी अक्षरं निवडली होती: पोट फुगलेली एकीकडं, शेपटीवाली एका रांगेत, काठीला लटकलेली शेजारी शेजारी. एका चेहऱ्याची सगळी एका पाटीत.

"बारा वाजल्यापासून बसलेलो," तो म्हणाला. "कंपनीवाल्यानं नुसतं मिसळून पाठवलेलं. लावलं मी नीट."

डब्यात एक छापील पोचपावती होती. शेरा लिहून कंपनीस परत पाठवावी. हंसानं ती रुळात सरकवली, हात कळांवर ठेवले, खाली न बघता मारलं. सेहेचाळिसाव्या दांडीपाशी अर्धा श्वास थांबली.

"काय लिवलंस?"

तिनं कागद ओढून काढला आणि बापाला वाचून दाखवला.

"काम समाधानकारक झाले."