टाकीत कुणी उतरायचं नाही

मुदत शुक्रवारी संपत होती आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. चाळीस गाईंचं शेण, मूत आणि गोठा धुतल्याचं पाणी गोठ्याखालच्या त्या टाकीत साठायचं आणि पुढे शेतात जायचं. शुक्रवारनंतर मात्र तीन महिने ते शेतात टाकायला बंदी होती. पावसात ते मुरत नाही, वाहत जाऊन ओढ्यात पडतं, म्हणून. मागच्या वर्षी टाकी ओसंडली, ओढ्यातले मासे पोटं वर करून तरंगले आणि पर्यावरण खात्याची नोटीस घरी आली. टाकीवर पक्की फरशी घाला, मुदतीआधी ती रिकामी करा, नाहीतर गोठा बंद.

"गाईंनाच नोटीस द्या की," नवरा नोटीस घेऊन आलेल्या तपासनिसाला म्हणाला होता. "तीन महिने आवरून धरा म्हणावं." तपासनीस हसला, पण सही घेऊनच उठला.

फरशी पडली. वर माणूस उतरेल एवढं एकच तोंड राहिलं. त्यानंतर खात्याने एका सकाळचं प्रशिक्षण ठेवलं. नवऱ्याला सवड नव्हती, म्हणून बायको गेली. बंद टाकीतलं शेणपाणी ढवळलं की विषारी वायू सुटतो, असं तिथे सांगितलं. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, अशी घरंच्या घरं गेली आहेत. टाकीत कुणी उतरायचं नाही.

तिने हे जेवताना सांगितलं. सासरे म्हणाले, "माझं सगळं आयुष्य शेणात गेलं. शेणाने कुणी मरत नसतं, सूनबाई." नवरा खाली मान घालून जेवत राहिला.

मुदतीचा आठवडा आला आणि अवकाळी पाऊस लागून राहिला. ट्रॅक्टर शेतात घालावा तर चाकं निम्मी रुतत होती. गुरुवारी उघडीप मिळाली. नवऱ्याने पहाटेच शेणपाणी ढवळायचं यंत्र आणि पंप सुरू केला. टाकी निम्मी उपसून झाली आणि पंप तुंबला. नळीच्या तोंडाशी गवताचा बोळा बसला असणार.

ती दुधाच्या कॅन धूत होती. पंपाचा आवाज बदलला, मग थांबला. बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही, तेव्हा ती हात पुसत मागे गेली. टाकीच्या तोंडाशी त्याच्या चपला होत्या. आत शिडी होती. शिडीच्या पायरीत त्याचा दंड अडकला होता, मान कलली होती आणि कमरेखालचं अंग शेणपाण्यात होतं.

तिने हाक मारली आणि मारता मारताच एक पाय शिडीवर ठेवला. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की कसलाच वास येत नाहीये. शेणाचासुद्धा नाही. तिने पाय वर ओढून घेतला. हे पाय मागे घेणं तिला जन्मभर सलणार होतं, पण तेव्हा तिला एवढंच कळलं की डोकं गरगरतंय. ती रांगत मागे सरली, मोकळ्या हवेत आली आणि अग्निशमन दलाला फोन लावला.

सासरे धावत आले. त्यांनी आत पाहिलं आणि धोतर वर खोचलं.

"बाबा, नाही."

"हो बाजूला."

"आत हवा नाही बाबा. तुम्ही गेलात तर तुम्हीही गेलात."

"माझं पोर आहे ते."

तिने मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. म्हातारा काटक होता. त्यांनी कोपर मारलं, तिच्या ओठातून रक्त आलं. तिने सगळं अंग टाकून त्यांना चिखलात पाडलं, ओढत लांब नेलं आणि वर पडून राहिली. ते शिव्या देत होते, मग विनवू लागले. "त्याचा हात हलला. मी पाहिलाय. सोड मला, तुझ्या पाया पडतो." सासऱ्यांनी सुनेला असं म्हणावं, हे कानांनी ऐकूनही तिने मिठी सैल केली नाही.

बंब यायला पंचवीस मिनिटं लागली. मुखवटे चढवलेले दोघे उतरले आणि त्याला वर आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन श्वासांतच संपलं असणार. सासऱ्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

भेटायला येणाऱ्यांत कुजबुज होती. सख्ख्या बायकोने काढू दिलं नाही म्हणे. ती कुणाला काही समजावत बसली नाही. गाई वेळेवर हंबरत होत्या, धारा काढाव्या लागत होत्या आणि प्रत्येक वेळी गोठा धुतला की पाणी टाकीतच जात होतं. सासरे धारांना येत, शेजारच्या गाईखाली बसत, पण तिच्याशी बोलत नसत.

पाचव्या दिवशी तपासनीस आला. चपला दाराबाहेर काढून तो आत आला.

"फरशी घाला असं मीच लिहिलं होतं," तो म्हणाला.

"उतरू नका असंही तुम्हीच सांगितलं होतं. मुदत वाढेल का?"

"माझ्या हातात नाही. अर्ज द्या, वर पाठवतो."

तिने अर्ज दिला. उत्तर येण्याआधी पाऊस आला. शेतात टाकायला बंदी आणि पंप तसाच तुंबलेला. आतला बोळा काढायला टाकीत उतर, असं ती कुणालाही सांगणार नव्हती. आठवड्याभरात टाकी तोंडातून ओसंडली आणि काळपट धार बांधावरून ओढ्याकडे निघाली. तिने फावड्याने माती ओढून बांध घातला, तो फुटला. पुन्हा घातला, तोही फुटला. शेवटी ती फावडं टेकवून भिजत नुसती बघत राहिली.

दुसरी नोटीस नवऱ्याच्या नावाने आली. पोस्टमनने नाव वाचून इकडेतिकडे पाहिलं. सासरे ओट्यावरून उठले, सही करून लिफाफा घेतला आणि आत आले. ती चुलीपाशी होती. त्यांनी लिफाफा तिच्यापुढे धरला.

"मला आता काही सुचत नाही," ते म्हणाले. "काय करायचं ते तू सांग."

तिने लिफाफा घेतला. तिलाही काही सुचत नव्हतं. तिने त्यांना बसायला पाट सरकवला, स्वतः शेजारी जमिनीवर बसली आणि दोघांनी मिळून तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.