अंगणातली बोलणारी स्कूटर

"बाळा, ऐकतोयस ना?" मौनी महाराजांनी विचारलं.

"पीं!" स्कूटरनं उत्तर दिलं. तिचे पिवळे दिवे लुकलुकले आणि फाटकापर्यंत दाटलेल्या गर्दीनं एकदम श्वास आत ओढला.

स्कूटरला किल्ली लावलेली नव्हती. जवळ कोणी उभंही नव्हतं. फुलांनी मढवलेली ती पांढरी इलेक्ट्रिक स्कूटर अंगणात एकटीच होती. तिच्यावरून रोज छापखान्यात कामाला जाणारा माणूस महिन्यापूर्वी यंत्रापाशीच कोसळला होता. हृदय बंद पडलं. संध्याकाळी त्याच्या सोबत्यानं स्कूटर चालवत घरी आणली आणि त्याचं जॅकेट त्याच्या आईच्या हातात दिलं.

"आत्मा म्हणजे विद्युत!" महाराज गरजले. मौनी हे त्यांचं नुसतं नाव. सकाळपासून तोंडाला खंड नव्हता. "शरीर म्हणजे काय? बॅटरी! बॅटरी संपते, विद्युत संपते का?"

"नाही!" गर्दी म्हणाली. आमच्या गल्लीतल्या वायरमननंसुद्धा मान डोलावली. गर्दीत शिरताना माणूस चपलांबरोबर अक्कलही बाहेर काढून ठेवतो.

मी शेजारच्या घरात राहते. शाळेतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे विज्ञान शिकायला येतात आणि लहानथोर सगळे मला बाईच म्हणतात. यात लबाडी आहे हे मला कळत होतं, पण ती कशी, ते दिसत नव्हतं. मला दिसत होती ती स्कूटरसमोर बसलेली आई. मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती, धड जेवली नव्हती. आज तिचा चेहरा उजळला होता.

"जेवलास का रे?" तिनं स्कूटरला विचारलं.

"पीं!"

"जेवला हो," ती माझ्याकडे वळून म्हणाली. त्या दिवशी तीही दोन घास जेवली.

मग रोजच गर्दी जमू लागली. आठवड्याभरात महाराजांनी मुद्द्याला हात घातला. "बाळा, या धुळीत तुझा जीव रमत नाही ना? मठात यायचंय?"

"पीं!"

झालं! रविवारी स्कूटर वाजतगाजत मठात जाणार, असं ठरलं.

सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. छापखान्याच्या मालकांनी तिला नवऱ्याच्या जागी पुस्तकबांधणीचं काम दिलं होतं. पाळी पहाटेची. त्या वेळी बस नसते, आणि छापखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. स्कूटर गेली की काम गेलं.

"आई, सोमवारी मी कामावर कशावर जाऊ?"

"तुला काम सुचतंय? इथं माझा मुलगा बोलतोय!"

"ते माझेही कोणीतरी होते, आई," सून म्हणाली आणि आत निघून गेली. भिंतीपलीकडून मला भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. इतका वेळ घासण्याएवढी भांडी त्या घरात नव्हती.

शनिवारी बाकीची मुलं घरी गेली, तरी सुनेची मुलगी माझ्या ओट्यावर बसून राहिली. चौथीत शिकणारी, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी पोर. महिनाभरात तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

"बाई, खोटं पण चांगलं, असं काही असतं का?"

"का गं?"

"मला माहितेय स्कूटर कशी बोलते." तिनं फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली. "रिमोटनं. पप्पा रोज फाटकातून दाबायचे, पीं करून. मग मी खिडकीतून पीं म्हणायचे. तो आमचा टाटा होता. आता महाराजांचा शिष्य दाबतो, खिशात हात घालून. सगळे स्कूटरकडे बघतात. पण मी त्याच्या खिशाएवढीच उंच आहे ना."

"कधीपासून माहितेय तुला?"

"पहिल्या दिवसापासून. पण आजी जेवायला लागली ना." तिचे डोळे भरले. "मी सांगितलं तर ती परत जेवणार नाही."

इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण एवढं ओझं घेऊन कुठलंच मूल माझ्यापुढे बसलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. "हे बघ, आजीला घास भरवणारा एक हात तू पाहिलास. त्याचा दुसरा हात कुठेय?"

तिनं जरा विचार केला. "आईच्या स्कूटरवर."

"मग ते खोटं कोणासाठी चांगलं?"

ती डोळे पुसत म्हणाली, "महाराजांसाठी."

"उद्या मी सांगते सगळ्यांना. तू आत बस."

"नको बाई. आजीला माझ्याकडूनच कळू दे."

रविवारी मठाचा टेम्पो दारात लागला. महाराजांनी डोळे मिटले. "बाळा, निघायचं ना?"

स्कूटर गप्प.

"बाळा?" शिष्याचा हात खिशात चुळबुळला. स्कूटर हूं नाही की चूं नाही.

"आत्मा रुसलाय!" महाराज म्हणाले. "घरात कोणाच्या तरी मनात पाप आहे." आणि त्यांनी थेट सुनेकडे पाहिलं. गर्दीनंही पाहिलं.

तेवढ्यात मुलगी पुढे आली. "माझे पप्पा माझ्या आईवर रुसत नाहीत. मी सकाळी बॅटरीचा खटका पाडलाय." तिनं सीट उचलून आतला खटका वर केला. "आता विचारा. पण आधी त्या दादांना खिशातून हात काढायला सांगा."

शिष्य मागे सरकला. पण मागे आमचा वायरमन उभा होता आणि तोपर्यंत त्याची अक्कल ठिकाणावर आली होती. त्यानं शिष्याचं मनगट धरून बाहेर ओढलं. मुठीत काळा रिमोट होता. रिमोटच्या कडीला निळ्या दोऱ्याचा तुटका गुंता लोंबत होता.

सून पुढे आली. दोरा हातात घेऊन तिनं पाहिला. "हा मी शिवला होता," ती हळूच म्हणाली. "हे किल्ली नेहमी विसरायचे. म्हणून दुसरी किल्ली या रिमोटसकट जॅकेटच्या अस्तरात शिवून दिली होती. जॅकेट तर कपाटात आहे ना, आई?"

आई खाली बघत होती. "महाराज म्हणाले, शेवटचं अंगाला लागलेलं वस्त्र द्या. मीच दिलं."

गर्दीतून शिव्या सुरू झाल्या. महाराज खरोखरच मौनी झाले आणि टेम्पोत चढले. कोणी त्यांच्यामागे धावलं, कोणी पोलिसांना फोन लावला. अंगण रिकामं होत गेलं. आई मात्र जागची हलली नव्हती.

"कुठलं बटण?" तिनं नातीला विचारलं.

मुलीनं दाखवलं. आईनं दाबलं. पीं. पुन्हा दाबलं. पीं. किती वेळ ती दाबत होती, दिवे लुकलुकताना बघत होती. मग तिचा अंगठा थांबला.

"म्हणजे तो नव्हताच."

"नव्हते, आजी."

ती पायरीवर बसली आणि रडू लागली. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच. सून शेजारी जाऊन बसली. कोणी कोणाची समजूत काढली नाही. त्या रात्री तिघींपैकी कोणीच जेवलं नाही, हेही खरं आहे.

मुलांनो, माझं ऐका. गेलेलं माणूस बोलत नाही. हे ऐकायला वाईट वाटतं, पण ते खरं आहे, आणि खऱ्यावर पाय रोवून उभं राहता येतं. कोणी त्याला बोलकं करून दाखवलं, तर चमत्काराकडे बघू नका. दाखवणाऱ्याच्या हाताकडे बघा. तो कुठे आहे आणि काय मागतोय, ते विचारा. प्रश्न विचारल्यानं गेलेल्याचा अपमान होत नाही. त्याच्या नावानं खोटं बोलल्यानं होतो.

सोमवारी पहाटे सुनेनं स्कूटर फाटकाबाहेर काढली. सीटवरच्या सुकलेल्या पाकळ्या सासूनं पदरानं झटकल्या. "हेल्मेटचा पट्टा लाव," एवढंच ती म्हणाली.

स्कूटर आवाज न करता वळणाआड गेली. नातीनं रिमोटवर बोट ठेवलं, तशी आजीनं तिचा हात हलकेच बाजूला केला.

"नको गं. लांब गेली ती. आता ऐकू नाही जायचं."